तोंडपाठ

उन्हाळा लागला की त्या घराच्या भिंतीवर तक्ता चढायचा. दाराएवढा लांब, जाड कागदाचा, आठ आठवड्यांचे आठ रकाने आखलेला. पहिला आठवडा किडे-मुंग्यांचा, दुसरा साबणाचा, तिसरा पाण्याचा, चौथा हाडांचा, असं करत करत शेवटी ‘दाखवण्याचा दिवस’. त्या दिवशी चर्चच्या मंडळीतली आणखी पाच कुटुंबं आपापली मुलं घेऊन यायची आणि कोण काय शिकलं ते सगळ्यांपुढे मांडायची. ही सहाही कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी. बाकीच्या मुलांना उन्हाळ्यात सुट्टी, या घरातली आई म्हणायची, “सुट्टी पुस्तकांना. डोक्याला नाही.”

आई लग्नाआधी नऊ वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापलेल्या मजकुरातली चूक तिला घासात खडा यावा तशी लागायची. दुकानाची पाटी असो की औषधाबरोबर येणारा कागद, तिच्या लाल पेन्सिलीतून काही सुटायचं नाही. मंडळीच्या पत्रकात एकदा ‘उपासनेनंतर सर्वांनी बसावे’ ऐवजी ‘सर्वांनी हसावे’ असं छापून आलं. तिने खूण करून पत्रक पाळकांच्या हातात ठेवलं. पाळक म्हणाले, “राहू द्या हो बाई, एखाद्या रविवारी हसले तरी बिघडत नाही.” ती काही हसली नाही. पुढच्या महिन्यापासून पत्रक छपाईला जाण्याआधी तिच्याकडे यायला लागलं.

घरी शिकवायचं ठरलं ते थोरल्यामुळे. त्याला दुसरीत असताना वर्गातल्या पोरांनी इतकं छळलं होतं की तो अंथरूण ओलं करायला लागला. नवरा-बायकोने महिनाभर प्रार्थना केली आणि त्याला शाळेतून काढलं. देवाने मुलं आपल्या हाती दिली आहेत, ती दुसऱ्याच्या हाती का सोपवायची, असं आई म्हणाली. बाबांना ते पटलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवस जिन्याशेजारच्या अंधाऱ्या विहिरींमध्ये दोरांना लोंबकळण्यात जायचा. घरची शाळा त्यांनी पूर्णपणे आईवर सोडली होती. थोरला आता चौदा वर्षांचा होता, धाकट्या दोघींचा दादा. धाकटी ठकू, पाच वर्षांची, दिवसभर तोंड चालू. आणि मधली मैना, अकरा वर्षांची.

मैना हे नाव बाबांनी पाडलं होतं. चार वर्षांची असल्यापासून ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. एखादं स्तोत्र दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तिच्या तोंडून, तेही पाळकांच्या खाकरण्यासकट. लोक कौतुकाने बघायचे. आईची मान ताठ व्हायची.

मैनेला वाचता येत नव्हतं.

आईला हे पहिल्यांदा खटकलं ते मैना सात वर्षांची असताना. मुलगी ‘मगर’ला ‘गरम’ म्हणायची, आणि काल ओळखलेलं अक्षर आज तिला परक्यासारखं वाटायचं. काही मुलांना उशिरा येतं, आईने स्वतःची समजूत घातली. आठव्या वर्षी तिने रोज दोन तास घेतले. मैना पाटीवर डोकं टेकवून रडायची, आईचा हात कधीमधी उठायचा, मग दोघी मिळून रडायच्या. नवव्या वर्षी आईने तिला मोठ्याने वाचायला सांगणंच बंद केलं. घरात चार कपाटं पुस्तकं, आई नऊ वर्षं अक्षरांवर पोट भरलेली, आणि दिव्याखाली हा असा अंधार. कुणाला सांगायचा?

म्हणून तिने सांगितला नाही. उलट झाकायला शिकली. गुरुवारी सहा कुटुंबं जमायची, मुलं आळीपाळीने शास्त्रातला उतारा वाचायची. बुधवारी संध्याकाळी आई मैनेच्या पलंगावर बसून तो उतारा तीनदा वाचायची. “ऐकून ठेव,” एवढंच म्हणायची. दुसऱ्या दिवशी मैना पुस्तक हातात धरून उभी राहायची आणि ओळींखालून बोट फिरवत घडाघडा म्हणायची. पान कुठे उलटायचं तेही आई सांगून ठेवायची. “डोंगर आला की उलट.” त्या दोघींमध्ये यावर कधी उघड बोलणं झालं नव्हतं. शिक्षण खात्याचे अधिकारी वर्षातून एकदा मुलं तपासायला यायचे, त्यांच्यापुढेही हेच झालं. त्यांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला.

एकदाच बिंग फुटता फुटता राहिलं. त्या गुरुवारी पाळकबाईंच्या घरी जमले होते आणि त्यांच्याकडची प्रत वेगळ्या छपाईची होती. डोंगर पानाच्या मध्यावरच आला. मैनेने पान उलटलं आणि न अडखळता पुढचं म्हणत राहिली. निघताना पाळकबाईंनी आईला दाराशी थांबवलं.

“एकदा दाखव गं तिला कुणाला तरी. अशा मुलांसाठी शिकवणाऱ्या बाया असतात.”

“कशा मुलांसाठी?” आई म्हणाली. “घाई असते तिला पुढे जायची, एवढंच.”

तीन आठवडे आईने आजाराचं निमित्त करून गुरुवार चुकवला.

त्या उन्हाळ्यात किड्या-मुंग्यांचा आठवडा झकास गेला. ठकूने एक गोगलगाय उशीखाली पाळली आणि सकाळी ती सापडेना म्हणून घरभर शोधाशोध झाली. मग सोमवारी साबण सुरू झाला.

साबण करायचा म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. आईने सगळ्यांना मागच्या खोलीत बसवून आधी धाक घातला. सोडा पाण्यात घातला की पाणी आपोआप तापतं, अंगावर उडालं तर कातडी जाते, डोळ्यात गेलं तर डोळा. तिने रबरी मोजे घातले, डोळ्यांना चष्मा लावला, ठकूला दारातच उभं केलं. दादाने वजनं घेतली. पातेल्यातून वाफ निघाली तेव्हा ठकूने टाळ्या पिटल्या. तेल कमी पडलं, कारण दादाने आकडा चुकीचा उतरवला होता. निम्मंच पाणी वापरता आलं. उरलेलं उद्यासाठी ठेवावं, फेकून कशाला द्यायचं, असं आईने ठरवलं आणि निवल्यावर ते एका काचेच्या बाटलीत ओतलं. पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

बाटली घरात पाण्यासाठी वापरायच्या सहा बाटल्यांपैकीच होती. हे तिच्या लक्षात आलं. तिने कागदाची पट्टी कापली, काळ्या शाईने सुरेख अक्षरांत लिहिलं: ‘सोड्याचं पाणी. विषारी. कुणीही हात लावू नये.’ पट्टी चिकटवली, कडा अंगठ्याने दाबल्या आणि बाटली मागच्या खोलीच्या खिडकीत, सावलीच्या कोपऱ्यात ठेवली.

मैना त्या वेळी अंगणात साच्यांचे डबे धूत होती. तिला बोलावून सांगावं, असं आईच्या मनात आलं. पुढे कित्येक महिने तिने तो क्षण पुन्हा पुन्हा तपासला, आणि दर वेळी तिला तेच सापडलं: मनात आलं होतं. पण नुसत्या मैनेला वेगळं बोलावून का सांगायचं? दादा म्हणेल, ‘लिहिलंय की त्यावर.’ मग काय उत्तर द्यायचं? लिहिलंय की. तिने हात धुतले आणि स्वयंपाकाला लागली.

मंगळवारी दुपारी आई आणि दादा समोरच्या खोलीत साबणाच्या वड्या कापत होते. मुली अंगणात खेळत होत्या. मागून आधी हसणं ऐकू येत होतं, मग ठकूचा आवाज, “ताई, पाणी दे ना, ताई,” मग पेला ठेवल्याचा आवाज. आणि मग असा आवाज की आईने सुरी हातातच ठेवून धाव घेतली.

ठकू जमिनीवर पडली होती, दोन्ही हात गळ्याशी, तोंडातून फेस आणि रक्त. ओरडू पाहत होती पण आता आवाज फुटत नव्हता. पत्र्याचा पेला लवंडलेला. मैना खिडकीला पाठ लावून उभी, हातात बाटली. पट्टीची बाजू आईकडे होती. एकन्एक अक्षर स्वच्छ दिसत होतं.

“काय केलंस? काय केलंस तू?”

“पाणी,” मैना म्हणाली. “पाणी मागितलं तिने.”

दादाने फोन लावला. पलीकडून सांगितलं, उलटी करवू नका, काही पाजू नका, तोंड पुसा. रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली. आईने ती सगळी मिनिटं ठकूला मांडीवर आडवं धरून काढली. प्रार्थना करायला गेली तर एक शब्द आठवेना. मैना कोपऱ्यात उभी राहून स्तोत्र म्हणत होती, पुटपुटत, न थांबता, आणि आई तिच्यावर खेकसली, “गप्प बस!”

मैना गप्प बसली, ती बसलीच.

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक हलला की सगळे हलायचे. बाबा कामावरून तसेच आले, हाताला वंगण. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. वयस्कर, थकलेल्या बाई. त्यांनी लपवलं नाही. पोर एकच घोट प्याली होती, पण घशापासून खालपर्यंत अन्ननलिका भाजली होती. वाचेल, बहुतेक वाचेल. पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल. पुढे नलिका आक्रसत जाईल, ती वरचेवर ताणून उघडावी लागेल. किती वर्षं, ते आज सांगता येत नाही.

“बाटलीवर काही लिहिलं नव्हतं का?” डॉक्टरांनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता. हातातला कागद भरायचा होता.

“लिहिलं होतं,” आई म्हणाली. “मोठ्या अक्षरांत.”

बाबा सावकाश मैनेकडे वळले. त्यांच्या धंद्यात हा पहिला धडा. विहिरीत माणूस उतरला की मुख्य बटनावर पाटी लटकवायची, आणि कुणीही बटनाला हात लावण्याआधी पाटी वाचायची. एका माणसाने ती वाचली नव्हती, तेव्हा बाबांबरोबर काम शिकलेला त्यांचा मित्र गेला होता. मुलं बोलायला लागली तेव्हापासून बाबा त्यांना सांगत आले होते, आधी पाटी, मग हात.

“लिहिलं होतं ना?” ते म्हणाले. “मग वाचलं का नाहीस?”

मैनेने आईकडे बघितलं. विचारल्यासारखं बघितलं, बुधवारी संध्याकाळी बघायची तसंच. आता काय म्हणायचं, आई?

आईने स्वतःच्या हातांकडे नजर वळवली. बोटांच्या पेरांत साबण वाळून बसला होता.

“लक्ष नव्हतं,” मैना म्हणाली.

“लक्ष नव्हतं?” बाबांचा आवाज चढला. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. “बहीण आत मरणाच्या दारात आहे आणि तुझं लक्ष नव्हतं? अकरा वर्षांची घोडी झालीस, एवढं लक्ष देता येत नाही तुला?”

खुर्च्यांची रांग हलली, कारण मैना थरथरत होती. आई तिच्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही.

दोन दिवसांनी दादाच्या लक्षात आलं की मैना जेवत नाही. गरम काही तोंडात घेतलं की डोळ्यांत पाणी येतं. आईने तिला जीभ दाखवायला लावली. टोकाला पांढरा, सोललेला डाग होता.

“तूही प्यालीस?”

मैनेने नकाराची मान हलवली. “ठकू ओरडली ना, तेव्हा बोट लावून चाखलं. काय आहे ते बघायला.”

आई न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पाण्याचा आवाज चालू असेपर्यंत तिथेच उभी राहिली. त्या पोरीकडे कळून घ्यायचा दुसरा मार्गच नव्हता.

तरीही तिने सांगितलं नाही. आज सांगू म्हणायची, आणि मग मंडळीतलं कुणीतरी डबा घेऊन यायचं. पाळक गुडघे टेकून ठकूसाठी प्रार्थना करायचे. बायका आईच्या पाठीवरून हात फिरवायच्या. “पोरंच ती, धांदरट असतात. तू मैनेला फार बोलू नकोस हो,” असं एकीने सांगितलं, आणि आईने मान डोलावली. त्या डोलावण्याची तिला स्वतःचीच किळस आली. पण एकदा मान हलली की दुसऱ्या वेळी सोपं जातं. फक्त पाळकबाई काही न बोलता तिच्याकडे बघत राहायच्या, म्हणून आई त्यांची नजर चुकवायची.

तिसऱ्या आठवड्यात, आई आणि दादा इस्पितळात असताना, बाबांनी मैनेसाठी शिक्षा काढली. सकाळी कामावर निघण्याआधी तिच्या वहीच्या पहिल्या ओळीवर एक वाक्य लिहिलं, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “हे पन्नास वेळा लिहून काढ. संध्याकाळी बघतो.” घाईत लिहिताना त्यांचा एक शब्द चुकला होता, तो दोन तिरप्या रेघांनी खोडून त्यांनी पुढे लिहिलं होतं.

संध्याकाळी आई घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते. वही उघडी. चेहरा रागाने काळा पडलेला.

“हे बघ. चेष्टा चाललीय माझी.”

आईने वही बघितली. अक्षर नीटस होतं, कोरून काढल्यासारखं. ‘वाचण्या’ हा शब्द लिहिलेला, त्यावर दोन तिरप्या रेघा, मग ‘हात लावण्याआधी मी वाचीन.’ दुसऱ्या ओळीवरही तेच. ‘वाचण्या’, दोन रेघा. तिसऱ्या ओळीवर. चौथ्या. पन्नासच्या पन्नास ओळींवर तो खोडलेला शब्द पुन्हा लिहून पुन्हा खोडला होता. बाबांच्या पेनातून पडलेला शाईचा बारीक ठिपकाही प्रत्येक ओळीत, त्याच जागी.

मैना भिंतीशी उभी होती. तिला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं. दिवसभर खपून तिने हे काम केलं होतं, बोटाला पेनाचा घट्टा पडला होता.

“वाच,” बाबा वही तिच्यापुढे धरत म्हणाले. “काय लिहिलंयस ते मोठ्याने वाच.”

मैनेने वहीकडे बघितलं. ओठ हलले. मग एका स्तोत्राची सुरुवात तिच्या तोंडून निघाली, बारीक आवाजात. बाबा लिहितील तर असंच काहीतरी, अशी तिची अटकळ असावी. बाबांचा हात वर गेला.

“मारू नका,” आई म्हणाली. “तिला वाचता येत नाही.”

“काय?”

“येत नाही तिला वाचता. कधीच आलेलं नाही. ती पाठ करते. मी पाठ करून घेते तिच्याकडून.” आता सुरुवात झाली तसं सगळंच बाहेर आलं, भडभडून, बुधवार, डोंगर, शिक्षण खात्याचा शेरा, खिडकीतली बाटली. “मला माहीत होतं. पट्टी चिकटवताना माहीत होतं.”

बाबांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी दुसऱ्या कुणाचा असावा तसा खाली आणला.

“किती दिवसांपासून?”

“चार वर्षं.”

“आणि तिथे, सगळ्या लोकांपुढे मी तिला बोललो. तू शेजारी होतीस.”

“हो.”

बाबा मैनेपुढे गुडघ्यावर बसले. लिफ्टच्या विहिरीत चाळीस-चाळीस फूट खाली बघून न घाबरणारा माणूस, त्याला मुलीच्या तोंडाकडे बघवेना. “बाळा, माझं चुकलं,” म्हणाले. मैनेने त्यांच्या खांद्यावरून आईकडे बघितलं आणि बाबांच्या कानाशी बोलली, पण आईला ऐकू गेलं.

“आईला ओरडू नका.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस ते आईशी कामापुरतं बोलले: ठकूच्या नळीला काय हवं, गोळ्या संपल्या का, किल्ली कुठे आहे. दादाने भिंतीवरचा तक्ता काढून गुंडाळून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. “मला माहीत होतं,” तो आईला म्हणाला. “मला वाटायचं बाबांनाही माहीत असेल. मोठ्यांना माहीत असतं, असं वाटायचं.”

गुरुवारी आईने बाकीच्या पाच कुटुंबांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाळक म्हणाले, देव पश्चात्ताप करणाऱ्याला टाकत नाही. ते खरं असेलही. पण एक बाई आपल्या दोन्ही मुलांचे हात धरून उठली आणि चपला घालून निघून गेली, आणि पुढच्या गुरुवारी आणखी एक कुटुंब आलं नाही. पाळकबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. सांत्वन करतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, “मला त्या दिवशीच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी परत विषय काढला नाही. माझंही त्यात आहे.”

मैनेची तपासणी झाली. तपासणाऱ्या तरुण बाईंनी डिस्लेक्सिया हा शब्द उच्चारला आणि सांगितलं की मुलगी चांगली हुशार आहे, अक्षरं तिला वेगळ्या वाटेने शिकवावी लागतील. “आठव्या वर्षी आणली असती तर एव्हाना वाचायला लागली असती,” त्या सहज बोलून गेल्या, आणि पुढच्या तारखा लिहायला लागल्या. उन्हाळा संपला तशी मैना शाळेत जायला लागली. तिसरीच्या पोरांबरोबर तिचा वाचनाचा तास असायचा. डबा खायला ती एकटीच बसते, असं दादाकडून कळलं. दादाही शाळेत गेला. त्याने विचारलं नाही, सांगितलं. घरात दिवसभर आई आणि ठकू. ठकू आता घोगऱ्या, म्हाताऱ्या माणसासारख्या आवाजात बोलायची, आणि बोलायची कमी. तिचं जेवण वाटून, गाळून, मोठ्या पिचकारीने नळीत सोडावं लागायचं. पोट भरायचं, पण तोंडाला चव नाही म्हणून ती रडायची आणि चमचा चाटायला मागायची.

दर तीन आठवड्यांनी घसा ताणायला न्यायचं. बेशुद्ध करून आत काहीतरी घालत, आक्रसलेली नलिका रुंद करत. पाचव्या खेपेला मैनेची शाळा बंद होती, म्हणून तीही बरोबर आली. तोच व्हरांडा, त्याच जोडलेल्या खुर्च्या. ठकूला आत नेलं. आई आणि मैना मध्ये एक खुर्ची सोडून बसल्या. समोर एक माणूस जमीन पुसत होता, तो पुसत पुसत पार टोकाला गेला आणि वळून परत आला.

“आई,” मैना म्हणाली.

“काय गं?”

“त्या दिवशी बाबांनी विचारलं तेव्हा तू का नाही बोललीस?”

आईने या प्रश्नाची तयारी महिनोन्महिने केली होती. चांगली, लांब उत्तरं होती तिच्याजवळ. त्यातलं एकही बाहेर काढण्याच्या लायकीचं निघालं नाही.

“घाबरले,” ती म्हणाली.

“ठकू मरेल म्हणून?”

“नाही,” आई म्हणाली. “लोक मला काय म्हणतील म्हणून.”

मैनेने यावर विचार केला. ती आता आधीसारखी लगेच उत्तर द्यायची नाही. आधी ऐकायची, मग बाजूला ठेवून बघायची.

“मीही घाबरले होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी खरं सांगितलं तर तू मला परत कधी जवळ घेणार नाहीस. म्हणून मी लक्ष नव्हतं म्हटलं.” जरा थांबून ती म्हणाली, “पण तू तसंही घेतलं नाहीस.”

आईने हात पुढे केला. मधल्या रिकाम्या खुर्चीवर तो पालथा पडून राहिला. मैनेने तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही. तिने नुसतं बघितलं त्याच्याकडे, लहान मुलं अनोळखी कुत्र्याकडे बघतात तसं, चावेल का नाही याचा अंदाज घेत.

“मैना, मी…”

“राहू दे, आई. आत्ता नको.”

दार उघडलं. परिचारिका बाहेर आली, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढत. झालंय, म्हणाली. या वेळी थोडं जास्त उघडता आलं, डॉक्टर नंतर बोलतील. पोर शुद्धीवर येतेय, रडतेय. एकालाच आत येता येईल.

आई उठली, पदर सारखा केला.

“ती ताई ताई करतेय,” परिचारिका म्हणाली. “ताई कोण?”

मैना उभी राहिली. आईकडे न बघता, तिच्या गुडघ्यांना धक्का लागू न देता ती समोरून गेली आणि आत शिरली. दार आपोआप मिटलं. आई पुन्हा खाली बसली. आतून आधी ठकूचं घोगरं रडणं येत राहिलं, मग मैनेचा आवाज. ती काहीतरी सांगत होती, हळूहळू, बऱ्याच वेळापर्यंत. काय सांगत होती ते दारातून कळत नव्हतं. रडणं थांबलं.